दोन बैठकांत बरी

शुवाई आज पुन्हा केतिनाच्या बाकावर बसली होती. आणि चक्क रडत होती!

सेकेसाईच्या अंगाचा तिळपापड झाला. हीच पोरगी आधी सेकेसाईच्या बाकावर दोनदा आली, "सगळं ठीक आहे" म्हणाली आणि तिसऱ्यांदा फिरकलीच नाही.

ग्वेरू गावातल्या दवाखान्यामागे आंब्याखाली दोन बाक होते, एक सेकेसाईचा, एक केतिनाचा. त्यांच्यापाशी मन मोकळं करायला बाया यायच्या. प्रत्येकीच्या सहा बैठका ठरलेल्या. केतिनाकडे सहाच्या सहा व्हायच्या, सेकेसाईकडे दोनातच गळती. "या महिन्यात कुणी टिकलं नाही तर तुमचा बाक बंद," असं सिस्टरने सकाळीच सुनावलं होतं. बारा वर्षं बसल्यावर! बाक गेला की घरी सुनेच्या तोंडाकडे बघत बसायचं.

आणि ही केतिना तरी कोण? आठ वर्षांपूर्वी सेकेसाईच्याच बाकावर आलेली रडूबाई. अजून वन्सं-वन्सं करत पुढेपुढे करायची. "दोन बैठकांत बरी केली हिला," असं सेकेसाई येईल-जाईल त्याला सांगायची. आणि आता हीच माझ्या बाया पळवते, मेली!

शुवाई उठली, तशी सेकेसाईने तिला फाटकातच गाठलं.

"काय गं, माझं काय चुकलं? लेकीसारखी माया केली ना तुझ्यावर?"

शुवाईने गुडघे वाकवून, हात जुळवून, थोरांना मान देतात तशा हळू टाळ्या वाजवल्या. "वन्सं, रागावू नका. पहिल्याच दिवशी तुम्ही देवक विचारलंत. माझ्या नवऱ्याचं सिंह, तुमचंही सिंह; एक देवक म्हणजे तुम्ही बहीणभाऊ. 'अगंबाई, मी तुझी नणंद!' म्हणून गळ्यात पडलात. आता नणंदेपुढे तिच्या भावाची गाऱ्हाणी कोणत्या तोंडाने सांगू?"

देवक तर सेकेसाई प्रत्येकीला विचारायची. नातं निघालं की माणूस मोकळं बोलतं, असं तिला वाटायचं.

ती तरातरा केतिनापुढे जाऊन उभी राहिली. "तुझं बरंय बाई! देवक विचारायचं नाही, कुणाचं कुणी लागायचं नाही. ही अक्कल तुला कुणी शिकवली?"

"तुम्हीच, वन्सं. माझाही नवरा सिंहच ना. दोन बैठकांत मी बरी नव्हते झाले."

केतिनाने इकडेतिकडे पाहिलं आणि बाही वर सारली. दंडावरचा वळ कालचा होता.