जोडीची फर्माईश

कॉलेजात असताना महेंद्र आणि नाथाजी बेदाण्याच्या शेडच्या तारेला रेडिओची अँटेना बांधायचे, मग सांगलीचं रॉक गाण्यांचं स्टेशन तासगावात खणखणीत लागायचं. फर्माईश कायम दोघांच्या नावानं. स्टेशन बंद होऊन वर्षं लोटली.

आज नाथाजी दवाखान्यात बेशुद्ध होता. महेंद्र शेडमध्ये एकटाच फोनची वाट बघत होता.

खुंटीवरचा बिनसेलचा रेडिओ खरखरला.

"आजची फर्माईश, तासगावचे नाथाजी..." निवेदक थांबला. बराच वेळ नुसती खरखर. "...आणि महेंद्र."

गिटार कडाडली. महेंद्रनं रेडिओ उलटा करून पाहिला; सेलचा कप्पा रिकामाच.

गाणं संपलं आणि फोन वाजला. पलीकडे नाथाजीच!

महेंद्रच्या जिवात जीव आला. "बरा हायस न्हवं, गड्या?"

"व्हय रं. बेशुद्धीत गेलो तिथं नुसतं माझंच नाव पुकारत हुते. म्हटलं, आमची फर्माईश जोडीनं असती. तवा मला माघारी सोडलं."