डावी बाजू

रॉक बँडमधल्या लाडक्या गायिकेसारखी तिने डोक्याची डावी बाजू स्वतःच भादरून टाकली. उद्या शाळेच्या स्टेजवर ती पहिल्यांदा गाणार होती. टोपी घालूनच ती बाबांच्या सलूनमध्ये जेवणाचा डबा द्यायला गेली.

"टोपी काढ," बाबा म्हणाले.

तिने काढली. दाढीला बसलेलं गिऱ्हाईक फिस्सकन हसलं. "अहो, जगाची डोकी घडवता आणि घरात हे!"

गिऱ्हाईक गेल्यावर बाबांनी दार लावून घेतलं आणि खुर्चीकडे बोट दाखवलं. आता सगळंच सफाचट होणार, उद्याचं गाणं संपलं. अंगावर कापड पडलं, मानेशी मशीन घरघरू लागलं.

"बाबा, नको ना! प्लीज!"

"तुझ्या त्या गायिकेचा फोटो दाखव."

तिने मोबाइल पुढे केला. बाबांनी फोटो मोठा करून निरखला, मग तिची हनुवटी धरून मान कलती केली.

"कानामागे केसांच्या पायऱ्या पडल्यात," ते म्हणाले. "स्टेजवर उजेड पडला की लांबूनही दिसतील. आता हलू नकोस."