हात वर गेला की

"नाडी तर छान लागतेय, काका," डॉक्टर सिऊ म्हणाल्या.

मेलियामेने डोळे मिटले. पुन्हा हेच ऐकायला का ती नवऱ्याला घेऊन दिवसभर बोटीत ओकत या मोठ्या इस्पितळात आली होती? त्यांच्या बेटावरच्या दवाखान्यातही हेच सांगितलं होतं. अंग चोळणाऱ्या म्हातारीने खोबरेल लावून मानेपासून मनगटापर्यंत रगडलं आणि तिनेही हेच सांगितलं. हाताला काही झालेलं नाही.

तिचा नवरा फेलेती, बाहेर जाताना रिवाजाने कमरेला गुंडाळायची चटई सावरत बसला होता. त्याचा उजवा हात मांडीवर होता. मांडीवर असला की तो हात कधीच कुरकुर करायचा नाही. चर्चमधल्या गायकांना शिकवताना फळ्यावर सूर लिहायला वर गेला की मात्र खडू गळून पडायचा. गाणाऱ्यांना ताल द्यायला उचलला की बोटं पांढरीफटक, गार. करंगळीच्या टोकाला एक जखम होती, ती भरत नव्हती. लोकांनी ती माशाच्या काट्यावर ढकलली.

मग गावोगावच्या गायकांची स्पर्धा झाली. ऐन गाण्यात त्याचा हात लुळा होऊन खाली आला, सगळे गळे एकमेकांत अडखळले आणि गाव हरलं. 'म्हाताऱ्याला आता झेपत नाही, म्हणून हाताचं निमित्त,' असं लोक बोलू लागले. असं बोलणाऱ्या बायकांना मेलियामेने भर बाजारात फैलावर घेतलं. पाद्रीबाबांनाही तिने सोडलं नाही. घरी ती त्याची बोटं चोळायची, पण 'खरंच दुखतं का' हे ओठांवर आलेलं विचारायची नाही.

"दुखतं कधी?" डॉक्टरांनी विचारलं.

"गाणं घेताना."

"मग घ्या गाणं."

"इथं? गाणार कोण?"

डॉक्टरांनी त्याचं मनगट सोडलं नाही. मेलियामे ओशाळली, पण खाकरून तिने रविवारचं स्तोत्र धरलं. दार उघडंच होतं. बाहेर बाकांवर ताटकळलेल्या लोकांनी दुसरा सूर उचलला. मागोमाग पुरुषांचा खर्ज आला. फेलेतीचा हात वर गेला.

पहिलं कडवं सरायच्या आत डॉक्टरांचा चेहरा बदलला. त्यांनी मनगटावर बोटं सरकवून पुन्हा जागा शोधली. परत शोधली. त्याचा तळवा चुन्यासारखा झाला होता. मेलियामेला ते दिसत होतं, तरी थांबता येईना. आवरतं घ्यायची खूण त्याच हाताने यायची, आणि तो हात हलतच नव्हता. बाहेरचे गात राहिले.

"खाली घ्या, काका. नाडीच लागत नाही."

दुपारी तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो खिडकीच्या उजेडात धरला.

"मानेशी ही एक जास्तीची बरगडी आहे. जन्मापासूनचीच. हात वर गेला की ती रक्ताची नळी दाबते. नळीत गुठळ्या झाल्यात, त्या बोटांत उतरतायत. रक्त पातळ करायच्या गोळ्या देते. पण ऑपरेशन इथं होत नाही, न्यूझीलंडला जावं लागेल. कधी, ते माझ्या हातात नाही. करंगळी वाचेल असंही सांगवत नाही."

"आणि गाणं?" मेलियामेने विचारलं.

"हात खांद्याच्या वर न्यायचा नाही."

मेलियामेला रडू फुटलं. फेलेतीचा चेहरा मात्र कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच सैल झाला होता. त्याला नीट कळलंच नसावं, असं तिला वाटलं. समजावून सांगायला ती त्याच्याकडे वाकली.

त्याने डाव्या हाताने तिचे डोळे पुसले.

"आता तरी तुला खरं वाटलं ना?" तो हळूच म्हणाला.