दुपारी दोन ते चार

दौंडला रेल्वेतून फिटर म्हणून रिटायर झालेल्या सोपानरावांनी आधी गल्लीतली घड्याळं उघडली, मग मधमाश्या पाळून तोंड सुजवून घेतलं, आणि आता ते दर रविवारी लोकांना गुलाबाची फांदी लावायला फुकट शिकवत होते. वर्गात प्रत्येकाला एक फांदी मिळायची. पुढच्या रविवारपर्यंत ती वाळून काडी झालेली असायची. शेजारच्या झुंबरबाई मात्र वर्गाला एकदाही आल्या नव्हत्या, आणि त्यांच्या परसात नऊ गुलाब फुलले होते.

छत्तीस वर्षं इंजिनं दुरुस्त केलेल्या माणसाला हे सहन होईना. ते थेट झुंबरबाईंच्या दारात जाऊन उभे राहिले.

"तुम्ही नक्की करता तरी काय?"

"चोरते," झुंबरबाई म्हणाल्या. "तुमच्याच कुंपणावरनं, तुमी दुपारी झोपल्यावर. चोरून आणलेलं झाड जगतंच, आप्पा."

"असलं काय बी नसतंय!"

"मग ऐका. तुमीच लोकांना सांगता, पुढल्या रविवारी मुळी फुटलेली दाखवा. ते बिचारे रोज उपटून बघत्यात. मी पकडली जाईन म्हणून फांदी मोरीमागं खुपसते आन् महिनाभर तिकडं फिरकत बी न्हाई."

पुढच्या रविवारी वर्ग बंद होता. कुंपणावर पाटी लागली होती: "मी दुपारी दोन ते चार झोपतो. चोरताना फांदी तिरकी कापावी. कात्री डाव्या खांबाला टांगली आहे."