तुरीची कमान

स्वप्नाली शिडी चढून लोखंडी कोठीच्या तोंडाशी पोचली, तेव्हा सटवाजी आत उतरलेला होता. तुरीवर मधोमध उभा राहून तो हातातली पहार दाण्यांत खुपसत होता.

"काका, थांबा! हलू नका!"

झाकणापाशी उभा असलेला तिचा मामा दचकला. लातूरच्या या डाळमिलचा मालक संगमेश्वर. सकाळी थोडी तूर उतरली आणि मग कोठीतून दाणाही येईना, खाली यंत्रं नुसतीच घरघरत होती. त्याचं डोकं आधीच तापलेलं.

"काय झालं गं?"

"खालून तीस पोती निघाली, मामा. मी मोजून राहिले सकाळपासून. आन वरची तूर बघा. खडूची खूण केली तिथंच हाय. बोटभर पन खाली आली न्हाई."

"मग?"

"मग ती तीस पोती आली कुठनं? काकांच्या पायाखालनं. तिथं पोकळ हाय. वर नुसती कमान धरलीय तुरीनं, आन हे तिच्यावर उभे हायत."

नांदेडच्या विद्यापीठात तिचं संशोधन याच कमानीवर चाललं होतं. दाणे छिद्रातून वाहता वाहता एकमेकांना रेटतात आणि मध्येच अडून बसतात. ती अडलेली कमान किती वेळ टिकते, हे तिनं तीन वर्षांत हजारो वेळा मोजलं होतं, पण प्रयोगशाळेतल्या वीतभर भांड्यात. मोठ्या कोठीतलं मोजायचं म्हणून मामाकडं आली होती. तिनं पाहिलेल्या काही कमानी पापणी लवायच्या आत ढासळल्या, काही दिवस दिवस उभ्या राहिल्या. कुठली कधी जाईल, ते एकदाही आधी सांगता आलं नव्हतं.

आतून सटवाजी हसला. तीस वर्षं इथं हमाली केलेला, या कोठीत शंभरदा उतरलेला. "ताई, अर्धा घंटा झाला हिच्यावर नाचून राहिलो. स्लॅबवानी घट हाय."

"अर्धा घंटा टिकली म्हणून पुढं टिकंल असं नसतं, काका."

संगमेश्वर तिच्याकडं वळला. "तू एवढी शिकलेली. एकच सांग. आत्ता पडंल का? हाव का न्हाई?"

हाव म्हणाली असती तर काम झालं असतं. ते तिलाही कळत होतं. पण तीन वर्षं जे रोज खोटं ठरताना पाहिलं, ते जिभेवर येईना.

"माहीत न्हाई, मामा. आत्ता पडंल, न्हाईतर उद्यापर्यंत उभी राहील. कुनालाच सांगता येत न्हाई."

"घ्या!" मामानं हात झटकला. "सटवाजी, घाल घाव."

सटवाजीनं पहार उचलली.

स्वप्नालीनं पायातल्या चपला काढल्या आणि आतल्या शिडीच्या पहिल्या कांबीवर पाय ठेवला.

"पोरी, काय करायलीस?"

"ते वर येत न्हाईत तर मी खाली जाते."

ती दुसऱ्या कांबीवर उतरली. मग तिसऱ्या. सटवाजीची पहार हवेतच थांबली. मालकाची भाची, तिला काही झालं तर?

"ताई, वर व्हा! तुम्हाला शंकराची आन हाय!"

"दोर बांधा आधी. मग होते."

पोती चढवायचा दोर वर पडलेलाच होता. झाकणापाशी आलेल्या नागप्पा मुकादमानं एक टोक कठड्याच्या खांबाला गुंडाळलं, दुसरं आत फेकलं. सटवाजीनं कुरकुरत काखेखालून गाठ मारली. पहार टाकली आणि शिडीकडं निघाला. पाच पावलं होती.

तिसऱ्या पावलाला तूर गेली.

धडाका नाही, काही नाही. पातेल्यातलं पाणी सांडावं तसा आवाज झाला आणि कोठीच्या मध्ये खड्डा पडला. धुरळ्यात काही दिसेना. दोर ताडकन ताणला गेला, खांब करकरला. चारी बाजूंनी तूर त्याच्यावर ओघळत आली. धुरळा बसला तेव्हा सटवाजीचं डोकं आणि एक हात तेवढा वर होता.

संगमेश्वर दोराला लोंबकळून ओढू लागला.

"ओढू नका!" स्वप्नाली शिडीवरूनच ओरडली. "हात निखळंल त्यांचा. नुसतं धरून ठेवा. नागप्पा, खालची झडप बंद करा, न्हाईतर ते आनखी खाली ओढले जातील. आन कोठीचे चारी बाजूचे पत्रे खोला. तूर बाहेर काढायची, मानूस न्हाई."

खाली बोल्ट खोलायला माणसं धावली. सटवाजीचे ओठ निळे पडत चालले होते. श्वास सोडला की दाणे छातीला आणखी आवळत.

"काका, बारीक श्वास घ्या. बोलू नका. माझ्याकडं बघा."

तो बघत राहिला. डोळेही मिटेना. पहिला पत्रा निघाला, मग दुसरा. तूर धो धो अंगणात पडू लागली, ट्रकच्या चाकांखाली, रस्त्यापर्यंत. आत ती बोटाबोटानं उतरत होती. खांदे दिसले. बऱ्याच वेळानं छाती. संगमेश्वरच्या तळहातांची सालं निघाली होती, तरी दोर त्यानं कुणाच्या हातात दिला नाही.

दोन तासांनी सटवाजीला बाहेर आणलं. बरगड्या दुखावल्या होत्या. दवाखान्याची गाडी येईस्तोवर तो भिंतीला टेकून बसला आणि तांब्यातलं पाणी घोट घोट प्याला. संगमेश्वर त्याच्यासमोर खाली जमिनीवरच बसला. असा तो मिलमध्ये कधी बसला नव्हता.

"नागप्पा," तो म्हणाला, "उद्यापासनं कुनी आत उतरायचं न्हाई. वरच्या झाकनाला कुलूप घाल."

सटवाजीनं तांब्या खाली ठेवला. तीस वर्षांच्या सवयीनं विचारलं, "मालक, आन तूर परत अडकली तर?"

संगमेश्वरनं आपल्या सोललेल्या हातांकडं बघितलं.

"अडकू दे."