ओळखीचा तुकडा

समजा, तुमच्या हातात एक लांब चिमटा आहे. चिमट्यात प्लास्टिकचा एवढासा तुकडा, समोर दिवा. तुकडा ज्योतीवर धरा, पेटला की फुंकर मारा आणि वास घ्या. जपून हं, नाक फार जवळ नेऊ नका. मेणबत्ती विझल्यासारखा वास आला? मग तो पिशव्या-डब्यांचा भाऊबंद. त्याला निळ्या टबात टाका. डोळ्यांत पाणी आणणारा, झोंबणारा वास आला? मग तो पाइप, तो लाल टबात.

भिंगरीला हे सगळं तिच्या आजोबांनी शिकवलं होतं. भंगार प्लास्टिक वितळवून त्याचा दाणा पाडण्याची त्यांची शेड होती आणि घर शेडला चिकटूनच. शेडचे नियम दोन. वास ओळखू येत नसेल, तर शेजारी ओळखीचा तुकडा जाळून ताडून बघायचं. आणि ओळख पटली की तुकडा हातात घेऊन घुटमळायचं नाही.

"ज्याची जागा जिथे, तो तिथे," आजोबा म्हणत. "लगेच!"

भिंगरीला फुंकर तेवढी जमत नसे. ती चिमटा हवेत हलवून ज्योत विझवी. भट्टीकडे फिरकायची मात्र तिला बंदी होती. उन्हात खेळायचीही.

"रंग उतरेल गं तुझा," असं म्हणत आजोबा ओल्या फडक्याने तिचं तोंड पुसत. धुराने ते खोकून खोकून वाकायचे. भिंगरीला साधा ठसकाही लागत नसे.

"तू माझ्याहून चिवट," ते हसत.

शेडमागे नाला होता. एका वर्षी त्याच्या मोरीत पिशव्यांचा बोळा अडकला आणि पुराचं पाणी उलटं फिरून घरात शिरलं. त्यात भिंगरीचे आईबाबा गेले. भिंगरी तेवढी वाचली, असं आजोबा सांगत. तेव्हापासून ते रोज नाल्यातून पिशव्या ओढून काढत.

"हे कुजत नाही, सडत नाही, पोरी. माणूस जातो, हे मागे राहतं." असं म्हणताना ते तिच्या वेण्यांवरून हात फिरवत.

मग आत्या आली. आजोबांची लेक. पुरानंतर ती पहिल्यांदाच येत होती. भिंगरी "आत्या!" करत धावली, तशी आत्या इतकी मागे सरकली की दारातलं स्टूल कलंडलं. चेहरा तुळतुळीत, केस काळेभोर, एक पांढरा दिसेल तर शपथ. तिने भिंगरीला जवळ घेतलं नाही. तिच्याकडे धड पाहिलंही नाही.

जेवायला तिने दोनच ताटं मांडली.

"हिचं कुठाय?" आजोबांनी विचारलं.

"बाबा, पुरे आता."

आजोबा उठले आणि तिसरं ताट स्वतः मांडलं. भिंगरीला नाहीतरी भूक नव्हती.

जेवणानंतर ती दाराआड उभी राहिली.

"डॉक्टर काय म्हणाले, विसरलात? या धुरात आणखी राहिलात, तर छातीचं खोकं होईल. उद्या माझ्याबरोबर चला. शेडला कुलूप."

"आणि भिंगरी?"

"राहील इथेच."

"एकटी? काहीतरीच काय बोलतेस!"

"तिला काय धाड भरणार आहे, बाबा? आपण सगळे गेलो तरी ती अशीच राहील."

आजोबा खोकून खोकून वाकले. मग हळूच म्हणाले, "बरं. येतो."

दाराआड भिंगरी थिजली. सख्ख्या भाचीला एकटं टाकून जाईल, अशी आत्या कुठे असते का? हात लावत नाही, डोळ्याला डोळा देत नाही, गालावर एक सुरकुती नाही. छे, हे माणूसच नाही! आत्याच्या आकाराचं दुसरंच काहीतरी आजोबांना न्यायला आलं होतं. आजोबांना तसं सिद्ध करून दाखवलं, तर ते जाणार नाहीत. आणि सिद्ध कसं करायचं, हे तर त्यांनीच शिकवलं होतं.

सकाळी आजोबा पिशवी भरत होते. आत्या बाहेर गाडीपाशी उभी होती. तिचा कंगवा खिडकीत पडला होता. भिंगरीने त्यातला एक केस ओढून घेतला आणि शेडमध्ये जाऊन दिवा लावला.

केस चुरचुरला. तिने चिमटा हलवला, वास घेतला. करपट, घाणेरडा वास. मेणबत्तीचा नाही, पाइपचाही नाही. हा वास तिने कधीच घेतला नव्हता.

"सापडलीस!" भिंगरीने उडी मारली.

पण आजोबा काय विचारतील, तेही तिला माहीत होतं. ओळखीचा तुकडा कुठाय? म्हणजे खऱ्या माणसाचा केस हवा. त्यासाठी फार लांब जायची गरज नव्हती. तिने आपल्याच वेणीतला एक केस उपटला. दुखलं नाही. तिला कधी दुखत नसेच.

तिने तो ज्योतीवर धरला.

केस चुरचुरला नाही. तो आक्रसला, वितळला आणि त्याच्या टोकाला एक चकचकीत थेंब जमला. भिंगरीने चिमटा हवेत हलवला. शेडमध्ये मेणबत्ती विझल्यासारखा वास पसरला.

"भिंगरे!" बाहेरून आजोबांची हाक आली. "कुठे आहेस गं? निघताना तोंड तरी दाखव."

भिंगरीने दिवा विझवला. चिमटा पुसून खिळ्याला अडकवला. उरलेला केस निळ्या टबात टाकला. मग फ्रॉक सावरून ती टबाच्या काठावर चढली आणि आत, पिशव्यांवर, शहाण्यासारखी मांडी घालून बसली.