चुलीचे दगड

कबरींना चुना लावायचा सण होता, म्हणून म्हातारा फ्लोमो बादली घेऊन लायबेरियात, मोनरोव्हियाच्या उपनगरात परतला. यादवी युद्धात पळण्याआधी त्यानं बायकोला आपल्याच अंगणात, आंब्याखाली पुरलं होतं. आता तिथं परक्यांचं घर होतं. आंब्याचा नुसता खुंट उरला होता. घरातली बाई बादली बघून हसली. “बाबा, रंगारी नको. आमच्या भिंती तुमच्या डोक्याहून पांढऱ्या आहेत!” त्यानं खुंटाजवळच्या चुलीकडं बोट दाखवलं. “पोरी, तिथं माझी लोर्पू पुरलीय.” बाईचं हसू मावळलं. तिनं अर्धवट शिजलेला भात उतरवला, निखाऱ्यांवर पाणी ओतलं. फ्लोमोनं गुडघे टेकून चुलीचे तिन्ही दगड पांढरे केले. “उशीर झाला गं,” एवढंच पुटपुटला. चुना वाळेपर्यंत तो बसून राहिला. दारातून बाईची मुलगी म्हणाली, “आई, भूक लागली.” बाई हलली नाही. शेवटी फ्लोमोनंच चूल पेटवली.